छत्तीसच्या रोलमधला चाळिसावा फोटो

"अजून फिल्मवर फोटो काढता तुम्ही? मोबाइल नाही का?" असं कुणी विचारलं की माझं डोकं सणकतं. आहे हो मोबाइल. चांगला आहे. त्यात फळ्यावरच्या गणितांचे, गॅसच्या पुस्तकाचे, लग्नपत्रिकांचे फोटो आहेत. पण खरा फोटो काढायचा म्हटलं की मला रोल लागतो. छत्तीस म्हणजे छत्तीस. कळ दाबली की आत 'खटाक' वाजतं आणि काय आलं ते बघायची सोय नाही. गप घरी जायचं आणि वाट बघायची. या वाट बघण्यातली मजा ज्याला कळत नाही, त्याला समजावायच्या फंदात मी पडत नाही. गणिताची बाई आहे मी; माझं समजावणं शाळेतच संपतं.

हा नाद निपाणीचा. आमचे आप्पा तंबाखूच्या वखारीत कारकून होते. सणासुदीला वखारीतली माणसं नटून आली की आप्पा त्यांना दारात उभं करून फोटो काढायचे. उजेड मोजायचं यंत्र त्यांच्याकडे नव्हतं. हात पुढं धरून तळव्यावरची सावली बघायची आणि तोंडातल्या तोंडात कन्नडमध्ये आकडे पुटपुटत कॅमेरा लावायचा. घरात बोलणं मराठी, पण आकडेमोड कन्नडमधली, तशी आमच्या भागात पुष्कळांची असते. तो कॅमेरा आता माझ्याकडे आहे. त्याच्या चामडी पिशवीला अजून वखारीचा वास येतो. पिशवी उघडली की मी पहिल्यांदा नाक घालते, मग हात.

लग्न होऊन बेळगावात, टिळकवाडीत आले, तेव्हा कॅमेराही आला. रविवारी दुपारी आमची न्हाणी बंद असते. आत मी फिल्म धुते. नवरा बाहेरून ओरडतो, "अगं, माणसानं अंघोळ कधी करायची?" मी आतून ओरडते, "काल काय केलं?" पण औषधाचं पाणी किती गरम झालं, ते स्वयंपाकघरात थर्मामीटर घेऊन तोच बघतो. ओली फिल्म बाहेर काढून उजेडात धरते, तेव्हा माझ्या पोटात अजून गुदगुल्या होतात. काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं झालेली इवलीशी माणसं. मला तर त्या वेळी नाचावंसं वाटतं. एकदा नाचलेही, आणि ओल्या फरशीवर सपशेल आडवी झाले.

तर गोष्ट वडगावच्या आक्कांची. त्यांच्या हातमागावरच्या साड्या मी वर्षानुवर्षं नेसत आले. गल्लीत सगळ्या घरांतून यंत्रमागांचा खडखडाट, आणि त्यात आक्कांच्या घरातून इकडून तिकडं जाणाऱ्या एकट्या धोट्याचा सावकाश आवाज. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून आक्का बसलेल्या, असा तो माग. गेल्या दिवाळीनंतर मी गेले, तर म्हणाल्या, "ही शेवटची साडी गं. डोळं दमलं. म्होरल्या सोमवारी पोरगा खड्डा बुजवून फरशी घालतोय. चाळीस वर्सं पाय खाली सोडून बसले, आता फरशीवर पाय पसरून बसणार!" आणि खदाखदा हसल्या.

मग म्हणाल्या, "माझं येक काम करशील? लई जण आले फोटो काडाय. कॉलेजच्या पोरी आल्या, पेपरवाला आलता. मोबाइलवर काडत्यात, धाडतो म्हणत्यात, कुणी धाडत न्हाय. मागावर बसलेला माझा येक फोटो न्हाय बग घरात. तू कागदावरचा दे. भिंतीला लावायचा."

झालं! मला कुणी कागदावरचा फोटो मागितला, हेच मला आभाळ ठेंगणं व्हायला पुरेसं होतं.

त्या शनिवारी सकाळची शाळा करून मी स्कूटरवरून निघाले. नवरा म्हणाला, "मोबाइलवरपण चार काढून ठेव. असू देत." मी म्हटलं, "एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत," आणि मोबाइल मुद्दाम टेबलावर ठेवून गेले. हा माझा स्वभाव. उशीर झाला होता म्हणून रोल आक्कांच्या दारातच, पदराच्या सावलीत भरला. फिल्मचं टोक पलीकडच्या फिरकीत खोचायचं असतं, म्हणजे एकेक फोटो झाला की फिल्म पुढं सरकते. खोचलं, झाकण लावलं, आत गेले.

आणि मग दोन तास मी सुखात होते. आक्का ठेवणीतलं लुगडं नेसून, केस चापून बसल्या होत्या. मी त्यांचे हात काढले, पाय काढले, धोटा काढला. खड्ड्याच्या कडेला पालथी पडून काढले. अडीचच्या सुमाराला साडी पुरी झाली. आक्कांनी मागाला हात जोडले आणि कात्रीनं ती कापली. तोही फोटो घेतला. साडी निघाली, पण फणीतून आलेले ताण्याचे उभे धागे त्यांनी तसेच राहू दिले, झुपके करून सैल गाठी मारल्या. नवा ताणा आला की एकेक धागा या जुन्या टोकांना पिळून जोडायचा, अशी रीत. नाहीतर सगळे धागे पुन्हा ओवत बसावं लागतं.

"आक्का, आता नवा ताणा कुठला यायचाय?" मी विचारलं.

"आगं व्हय की," त्या हातातल्या गाठीकडं बघून म्हणाल्या. "सवय बग. माग उघडा ठिवायचा नसतोय."

मी कॅमेऱ्यावरचा आकडा बघितला. सदतीस. छत्तीसच्या रोलमध्ये सदतिसावा निघाला की फिल्मवाल्या माणसाला लॉटरी लागल्यासारखं होतं. मी आक्कांचा चहा ओततानाचा फोटो घेतला. अडतीस! साडीची घडी घालतानाचा. एकोणचाळीस! मी तर मनात आप्पांना सांगून टाकलं, बघा, तुमच्या लेकीनं रोल कसा ताणला. आणखी एक घेतला आणि आकडा चाळिसावर गेला, तशी माझी पाचावर धारण बसली. छत्तीसच्या रोलमधून चाळीस फोटो कुणाच्या बापालाही काढता येत नाहीत.

फिल्म परत गुंडाळायची जी कळ असते, ती फिरवून बघितली. सैल. भुताटकीसारखी गरगर फिरली. झाकण उघडलं, तर फिल्म आपल्या डबीत जशीच्या तशी, टोक तेवढं बाहेर, माझ्याकडं बघून जीभ काढल्यासारखं. घाईत खोचलेलं टोक सुटलं होतं. दोन तास मी नुसता 'खटाक' आवाज काढत होते.

मला रडूच फुटलं. पन्नाशीची बाई मी, वर्गात माझ्या नजरेनं पोरं गप होतात, आणि तिथं चहाच्या कपासमोर हुंदके देत बसले. साडी कापलेली, सोमवारी खड्डा बुजणार, आणि ज्या बाईला सगळ्यांनी फसवलं तिला आता मीही फसवलं. स्वतःचा इतका राग आला की आप्पांचा कॅमेरा भिंतीवर आपटावासा वाटला.

"काय झालं ते तर सांग," आक्का म्हणाल्या. मी नाक पुसत सगळं सांगितलं, ती डबी दाखवली. त्यांनी टोक चिमटीत धरून बघितलं. मग पोट धरून हसायला लागल्या.

"टोक सुटलं व्हय! आगं येडे, पयलं टोकच न्हाय धरलं तर म्होरं काय इणणार? माझ्या सासूनं यावरनं मला किती बोलणी खायला लावलीत!"

"आक्का, हसताय काय? आता फोटो कशाचा काढू?"

त्यांनी मागाकडं मान वळवली. गाठी मारलेले झुपके लोंबत होते. "वीत-दीड वीत ताणा हाय की अजून," त्या म्हणाल्या. "ऊठ. डोळं पूस. झुपकं धर."

तासभर आम्ही दोघी ते झुपके ओढून-ताणून पुन्हा मागाला बांधत होतो. त्या धाग्यांवर बोट मारून ताण बघायच्या आणि मोजायच्या, "वंदू, येरडू, मूरू…" आप्पांसारख्याच. मधेच मी खिडकीकडं बघितलं. उजेड जाईल म्हणून माझा जीव वरखाली. आक्का म्हणाल्या, "घाई नको. चारनंतर त्या खिडकीतनं ऊन सरळ मागावर येतंय. जरीचं काम मी तवाच काडायची." दोन तास मी ज्या उजेडात धडपडले, तो मुळात चुकीचाच होता तर! आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, म्हणतात ना.

मग कॅमेरा मांडीवर घेऊन त्या म्हणाल्या, "आन ते टोक." मी त्यांना फिरकीतली फट दाखवली. अंगठ्यानं त्यांनी फिल्मचं टोक खोचलं, एक वेढा दिला, बोटानं ताण बघितला आणि मान हलवली. आप्पा गेल्यापासून त्या कॅमेऱ्यात दुसऱ्या कुणी हात घातला नव्हता. मला लई बरं वाटलं.

चार वाजले आणि ऊन आलं. धाग्यांवरून सरकत ते आक्कांच्या मनगटापर्यंत चढलं. त्यांनी धोटा टाकला. मी कळ दाबली, फिल्म पुढं ओढली.

"फिरतंय का गं?" आक्कांनी विचारलं.

गुंडाळायची ती कळ आपोआप फिरत होती, म्हणजे आत फिल्म सरकत होती. "फिरतंय, आक्का."

पुन्हा धोटा, पुन्हा खटाक, पुन्हा "फिरतंय का गं?" दीड वितीचा ताणा आणि छत्तीसचा रोल, दोघींनाही उधळायला काही नव्हतं. मी श्वास धरून एकेक फोटो घेत होते. मघाचा ठेवणीतला चेहरा आक्का केव्हाच विसरल्या होत्या, चापलेले केस सुटले होते. विणता विणता त्या माझ्याकडं वळून डोळे मिचकावून विचारायच्या आणि मी हसत ओरडायचे, "फिरतंय!" छत्तिसाव्याला फिल्म घट्ट झाली, पुढं जाईना. फिल्म अशी अडली याचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता.

रविवारी न्हाणी बंद झाली. नवरा दाराबाहेर उभा. मी फिल्म काढून उजेडात धरली आणि किंचाळले. तो घाबरून म्हणाला, "पडलीस?"

"आक्का आल्या!" मी म्हटलं. एकूण एक फोटोत आल्या होत्या.

मी जो मोठा करून घेतला, त्यात आक्का विणताना मागं वळल्यात, तोंड उघडं, डोळ्यात खोडी. "फिरतंय का गं" विचारतानाचाच आहे तो. पंधरा दिवसांनी चौकट घालून वडगावला नेला. खोलीत पांढरी फरशी चकाकत होती. माग नव्हता. आक्कांनी फोटो खिडकीपाशी नेला, चष्मा लावला. चेहरा बघतील असं मला वाटलं, पण त्या धागे बघत होत्या. "हितं येक तुटलाय," त्या म्हणाल्या, आणि अंगठा आणि बोट काचेवर त्या जागी गेलं, जोडायला. तिथंच जरा वेळ राहिलं. मग स्वतःच हसल्या. "ऱ्हाऊ दे. फोटोतला हाय."

मुलानं घड्याळाशेजारी, वर खिळा ठोकायला घेतला. आक्कांनी त्याला हाकललं. "तितं कशाला? मी बसत होते तितं लाव. खाली." जिथं खड्डा होता, त्याच्या मागच्या भिंतीला, फरशीपासून हातभर वर, त्यांनी तो लावून घेतला. आता त्या घरात कुणी फोटो बघायला गेलं की उभ्यानं बघता येत नाही. खाली फरशीवर बसावं लागतं, बरोबर आक्का बसायच्या तिथं. त्या दिवशी मीही बसले. आक्का शेजारी पाय पसरून बसल्या आणि म्हणाल्या, "आता च्या पी. आनि आकडा मोजू नको."