एकही शब्द जादा नाही

हातुलेलो गावात झेंडे चार बदलले, पण तोंड अगापितोचंच राहिलं. गावाला आपल्या केमाक बोलीशिवाय काही येत नव्हतं आणि येणाऱ्या कुठल्याच फौजेला केमाक येत नव्हती. पाद्र्यांनी लहानपणी त्याच्याकडून पोर्तुगीज घोकून घेतलं होतं. इंडोनेशियाची फौज आली तशी तिची भाषा तो चौकीत झाडू मारता मारता शिकला. निळ्या टोपीवाले शांतिसैनिक आले तेव्हा पन्नाशीला टेकला होता, तरी इंग्रजीतून त्यांना पाणी कुठं आहे, रस्ता कुठं जातो एवढं सांगू लागला. गाव म्हणायचं, "उद्या मालियानाच्या बाजारातली डुकरं राज्य करू लागली, तर हा परवा गुरगुरायला शिकेल."

अगापितोही हसायचा. हसण्याला दुभाष्या लागत नाही.

गावाचा त्याच्यावर राग होता तो त्र्याऐंशी सालापासून. माऊ-सेराला त्या वर्षी चौकीत नेलं. जंगलात लपून लढणाऱ्या पोरांना भात दिलास का, असं सार्जंट वार्सितोनं विचारलं. माऊ-सेरा सरळ माणूस. तो केमाकमध्ये म्हणाला, "दिला. भाचा आहे माझा." अगापितोनं ते सार्जंटला सांगितलं ते असं : पोरांनी याच्या छातीला बंदूक लावून भात लुटला, हा तक्रार द्यायला इकडेच निघाला होता, पण म्हैस व्यायली म्हणून दोन दिवस उशीर झाला. सार्जंटनं उशीर केल्याबद्दल माऊ-सेराचे दोन दात पाडले आणि त्याला सोडून दिलं. त्या आठवड्यात चौकीतून सुटलेला तो एकटाच. बाकीच्यांना घेऊन ट्रक खाली समुद्राकडे गेला आणि रिकामा परत आला.

माऊ-सेरा मात्र मरेपर्यंत बोळक्या तोंडानं सांगत राहिला, "मी चार शब्द बोललो. ह्यानं पन्नास लावले. चाराला कुणी दात पाडत नाही, दात गेले ते वरच्या शेहेचाळीसांनी."

अगापितोनं शंभरदा खुलासा केला. "म्हणणारा तूच," गाव म्हणायचं. ऐकणाऱ्यांत ती भाषा दुसऱ्या कुणाला येत होती?

नव्व्याण्णव साली फौज जाता जाता गाव जाळून गेली, त्यात पूर्वजांचं कुळघर जळालं, ते पुन्हा उभं राहायला पंधरा वर्षं लागली. छपराच्या शिखरावर शेवटचं गवत चढतं त्या दिवशी बेरे-माली, म्हणजे माऊ-सेराचा धाकटा भाऊ, सगळा वंश तोंडपाठ म्हणणार होता. ज्या घराचं नाव त्यात येईल ते कुळात. येणार नाही त्याचे मेलेलेसुद्धा कुळाबाहेर. अगापितोची बायको तेव्हाच्या पळापळीत गेली, तिला रस्त्याच्या कडेला घाईत पुरलं होतं. वरून आता वाळूचे डंपर जात. तिची हाडं कुळघराच्या जमिनीत आणायची, एवढं एकच काम त्याचं उरलं होतं.

साक्षीदार हवा म्हणून तो सीमेपलीकडे इंडोनेशियात, आतांबुआला गेला. वार्सितो तिथं शेवयांची पाकिटं आणि चपला विकत होता. मांडीवर नातू, गळ्यात क्रूस, डोळ्यात मोतीबिंदू.

"साहेब, मी कसा होतो ते तेवढं लोकांना सांगा."

"सगळं आठवतंय मला," म्हातारा हसत म्हणाला.

त्या हसण्यावर अगापितो भुलला. एवढ्या वर्षांत साहेबाला आपली लबाडी कळलीच असणार आणि तेच तो गावापुढे सांगेल, असं त्यानं धरलं. तोंडावर विचारायची हिंमत नव्हती. शेवया विकत असला तरी सार्जंट तो सार्जंटच.

समारंभाला अगापितोनं पोसलेलं डुक्कर आणलं आणि सोबत वार्सितोला. पुढच्या रांगेत माऊ-सेराची विधवा बुई-लेते पान चघळत होती. मागं तरणी पोरं. पोरांना शाळेत पोर्तुगीज मारून मुटकून शिकवतात, ते डोक्यात शिरत नाही. पण टीव्हीवरच्या जकार्ताच्या सासवा-सुना बघून इंडोनेशियन मात्र अशी येते, की शिव्यासुद्धा त्याच भाषेत देतात.

वार्सितो उठला. खिशातून रुमाल काढून त्यानं डोळे पुसले आणि मनापासून बोलला. बोलून बसला.

 मागच्या पोरांत कुणीतरी फिसकन हसलं.

"काय म्हणाला?" बुई-लेतेनं विचारलं.

बेरे-मालीनं अगापितोकडे पाहिलं. "सांग की. तुझाच धंदा आहे."

"पोरांना विचारा..."

"पोरं आहेतच. तू चुकलास तर ती सांगतील. बोल."

 बायकोच्या वरून जाणारा डंपर खाली रस्त्यावर घरघरला, तो जाईपर्यंत अगापितो थांबला. मग केमाकमध्ये म्हणाला, "ते म्हणतात, अगापितोसारखा इमानी माणूस मी पाहिला नाही. समोरचा जे बोलला तेच त्यानं मला सांगितलं. कधी एक शब्द बदलला नाही."

"बरोबर?" बेरे-मालीनं मागं वळून विचारलं.

"बरोबर, आजोबा. अगदी अक्षर न् अक्षर."

बुई-लेतेनं लाल पिंक टाकली. "बघ, जमतं की तुला. माझ्या नवऱ्याच्या वेळी काय जीभ सुजली होती?"

अगापितोनं तोंड उघडलं. मी या माणसाला फसवत होतो, असं आता सांगायचं तर पुन्हा म्हणणारा तोच होता.

बेरे-माली वंश म्हणू लागला. घरामागून घर आलं. अगापितोच्या घराची जागा आली तिथं म्हाताऱ्यानं ताडीचा घोट घेतला आणि पुढचं घर म्हटलं. आवाज जरासुद्धा कापला नाही.

डुक्कर तोवर कापून झालं होतं. पाहुणा म्हणून काळजाचा तुकडा वार्सितोच्या पानात पडला. दात नसल्यानं तो चोखत चोखत त्यानं अगापितोला आपल्या भाषेत हळूच विचारलं, "काय म्हणतायत रे लोक? खूश आहेत ना?"

मागची पोरं कान टवकारून बसली.

"फार खूश आहेत, साहेब," अगापितो म्हणाला. "तुम्ही लांबून आलात, याचं त्यांना कौतुक वाटतंय. माझ्या बायकोला उद्याच वर आणा म्हणतात."

पोरं पोट धरधरून हसली. लोक हसतायत म्हणून वार्सितोही हसला.