वच्छलाचा गुडघा आणि पन्नासचा आकडा

इंझोरीच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवणारी वच्छला म्हणजे पायाला भिंगरी लागलेली बाई. खिचडीला उकळी येईस्तोवरही ती एका जागी बसायची नाही. तेवढ्यात हापशीवरून पाण्यानं भरलेला पितळी गुंड डोक्यावर घेऊन यायची. अशा बाईनं ओल्या ओट्यावरून घसरून गुडघ्याची वाटी फोडून घेतली आणि तीन महिने खाटेवर काढले. या पडून राहण्याचा तिला गुडघ्यापेक्षा जास्त त्रास झाला, आणि घरच्यांना तिच्यापेक्षा जास्त.

वाटी जुळली, पण पाय लाकडासारखाच पडायचा. तिच्या जागी शाळेनं तात्पुरती दुसरी बाई घेतली होती. सोमवारी वच्छला हजर झाली नाही, तर तीच कायम. आणि हजर व्हायला शेलूबाजारच्या निता मॅडमची चिठ्ठी हवी होती.

निता मॅडम फिजिओथेरपिस्ट. त्यांनी वच्छलाच्या मांडीला एक आणि नडगीला एक पट्टा बांधला. दोन्हींवर काडेपेटीएवढं यंत्र. ती चालली की गुडघा किती वाकला त्याचा आकडा समोरच्या पडद्यावर यायचा. चिठ्ठीसाठी निदान पन्नास अंश हवे होते.

"छत्तीस," मॅडम म्हणाल्या. "पलंगावर तर छान वाकते तुमचा गुडघा, काकू. मग चालताना काहून नाही?"

पुन्हा चालली. अडतीस. पुन्हा. सदतीस.

"तुमची मशीनच खोटी हाय," वच्छला तडकली. "मी तं वाकवूनच राह्यली!"

दुधानं तोंड भाजलेला ताकही फुंकून पितो, तशी ती खाली बघत एकेक पाऊल टाकत होती. 'जरा बसा' म्हणून मॅडम दुसऱ्या पेशंटकडे वळल्या. बसा म्हणे! सोमवार तोंडावर आलेला, परकी बाई तिच्या चुलीशी उभी, आणि हिनं बसायचं? दोन मिनिटांत ती उठून दारात गेली.

समोरून झाडपूस करणारी म्हातारी गोजराबाई, पिण्याच्या पाण्याचा अर्धा गुंड कमरेवर घेऊन धापा टाकत येत होती.

"आणा इकडं, मावशी."

वच्छलानं पदराची चुंबळ केली, गोजराबाईनं गुंड चढवला आणि ती निघाली माठाकडे. पट्टे पायालाच होते.

मॅडम ओरडायला वळल्या आणि त्यांची नजर पडद्यावर गेली. त्रेचाळीस. एकोणपन्नास. चोपन्न.

"काकू, थांबू नका!"

डोक्यावर गुंड असला की खाली पाहता येत नाही. तीन महिने वच्छलानं गुडघ्यावर पाळत ठेवली होती. ती सुटताच तो बिचारा आपल्या कामाला लागला. तिला रडू येऊ लागलं. पण गुंड उतरेपर्यंत तिनं ते आवरून धरलं.

मग मॅडमनी तिला रिकाम्या डोक्यानं चालवलं. "गुंड आहे असंच समजा." बावन्न. चिठ्ठी मिळाली, महिनाभर ओझं उचलायचं नाही, हेही तिच्यात ठणकावून लिहिलं.

बाहेर तिचा नवरा पंजाबराव जीपजवळ उभा होता. वच्छला आली ती आत जाताना टेकलेली काठी काखेत मारून, मान ताठ, एक हात डोक्याच्या वर धरलेला.

"काहून वं, डोक्यावर काय हाय?"

"गुंड."

"मले तं दिसत नाई."

"बोलू नका. सांडन."

आणि जीपपर्यंत तिनं थेंबभरही सांडू दिलं नाही.