जमिनीवरून आलेली आग

हे उज्ज्वलाला माहीत नाही. माझ्या भावाला नाही, कुठल्याच मित्राला नाही. सांगायला गेलो की मी विषय बदलतो. म्हणून आधी गाडीबद्दल सांगतो — गाडीबद्दल बोलणं मला सोपं जातं.

२००४ च्या हिवाळ्यात आम्ही अमेरिकेत, श्रूजबरी गावात भाड्याच्या घरात राहत होतो. उज्ज्वला, मी आणि आमची दोन वर्षांची यशू. माझ्याकडे काळी, सेकंडहँड गाडी होती. मी वेड्यासारखा तिच्यामागे लागलेलो असायचो. शॅम्पू, वॅक्स, पॉलिश, सीटला लावायचं क्रीम — सगळं एका निळ्या प्लास्टिकच्या टबमध्ये. त्यातच एक पत्र्याचा डबा होता, गाडीला चिकटलेलं डांबर काढायच्या लिक्विडचा. पेट्रोलसारखा वास यायचा त्याला.

तिकडच्या थंडीत गॅरेजमध्ये ठेवलेलं पॉलिश गोठतं. वितळल्यावर फाटलेल्या दुधासारखं होतं, टाकूनच द्यावं लागतं. आदल्या वर्षी माझ्या चांगल्या बाटल्या तशा गेल्या होत्या. या वर्षी टब घरात आणू का, असं मी उज्ज्वलाला विचारलं. ती म्हणाली, यशू दिसेल ते तोंडात घालते, ते विष मला घरात नको. मी बरं म्हणालो. आणि टब गुपचूप बेसमेंटमध्ये नेऊन ठेवला.

कुठे? पाणी तापवायच्या गॅसच्या टाकीशेजारी. ती एका छोट्या कपाटवजा खोलीत होती, तिथे कुणी डोकावत नसे. आणि ऊब होती. टाकीच्या तळाशी एक लहानशी ज्योत सतत जळत असते, हे मला माहीत होतं. डब्यावर लाल अक्षरांत काय लिहिलंय, हेही मी वाचलेलं होतं.

आणखी एक सांगतो. डांबराचं ते लिक्विड गोठत नाही. तो डबा गॅरेजमध्ये राहू शकला असता. मी तो वेगळा काढला नाही, एवढंच.

त्याच हिवाळ्यात उज्ज्वलाच्या आई नागपूरहून आल्या होत्या. मीही त्यांना आईच म्हणायचो. मराठी शाळेत शिक्षिका होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. बेसमेंटमधली मोठी खोली आम्ही त्यांना दिली होती. टाकीचं कपाट त्याच खोलीच्या कोपऱ्यात, मध्ये फक्त पट्ट्यापट्ट्यांचं पातळ दार. समोरच्या भिंतीवर त्यांनी फळी लावून घेतली होती. तिच्यावर बुद्धांचा फोटो. सकाळी अंघोळ झाली की मेणबत्ती लावून वंदना म्हणायच्या, आणि झाली की मेणबत्तीची वात चिमटीत धरून विझवायच्या. यशूला ते बघायला फार आवडायचं.

तो शनिवार होता. सकाळी गॅरेजमध्ये मी गाडीच्या दारांखालचं डांबर काढलं. उज्ज्वला ग्रोसरीला गेली होती. तिचा फोन आला — निघतेय, दूध आणायचं राहिलंय का. ती यायच्या आत टब खाली गेला पाहिजे म्हणून मी घाई केली. डबा टबमध्ये टाकला, आडवा. झाकण फिरवलं होतं का? ठेवलं होतं नुसतं. मला आठवतंय. आठवत नाही असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

आई यशूला घेऊन वर आल्या होत्या तेवढ्यात टब ठेवला आणि मी बाहेर बर्फ काढायला गेलो. थोड्या वेळाने खाली आई कपड्यांच्या घड्या करत होत्या, यशू जमिनीवर ठोकळे मांडत होती.

मला ओरडणं ऐकू आलं नाही. बर्फ उपसताना काहीच ऐकू येत नाही. मला दिसलं ते हे — दार उघडलं आणि आई बर्फात आल्या, यशूला छातीशी धरून, पायात चप्पल नाही. एका पायातला मोजा जळून कातडीला चिकटला होता. यशू रडत होती. तिला काहीही झालं नव्हतं.

मी खाली धावलो. पडदा पेटला होता, पलंगावरची चादर पेटली होती, फळी जळत होती. जिन्याशी अडकवलेलं आग विझवायचं सिलिंडर मी सगळं रिकामं केलं. आग विझली. आणि मग, त्या धुरात खोकत, मी काय केलं? आईंचा पाय बघायला वर गेलो? नाही. कपाटापाशी गेलो. टब वितळून बसला होता. त्यातून तो डबा मी हातमोज्यांनी उपसून काढला, मागच्या दाराने बाहेर नेला आणि बर्फाच्या ढिगात खोल खुपसला. वरून आणखी बर्फ ओढला. तोपर्यंत शेजाऱ्यांनी बोलावलेल्या फायर ब्रिगेडचा भोंगा ऐकू यायला लागला होता.

अधिकारी वयस्कर होता, शांत. त्याने खाली जाऊन पाहिलं. वितळलेल्या टबात काय होतं म्हणून विचारलं. मी गाडीचा साबण म्हणालो. मग फळीच्या अवशेषांत त्याला मेण सापडलं. तो वर आला. सोफ्यावर आईंच्या पायाला दुसरा माणूस पट्टी बांधत होता. अधिकाऱ्याने मला दुभाषी व्हायला सांगितलं. उज्ज्वला अजून रस्त्यातच होती. त्या खोलीत दोन्ही भाषा येणारा मी एकटाच होतो.

आई नीट बोलल्या, वर्गात शिकवल्यासारख्या, एकेक शब्द सुटा. "मेणबत्ती मी केव्हाच विझवली होती, मिलिंदराव. आग त्या कपाटाकडून आली. जमिनीवरून आली, पाण्यासारखी वाहत. यशूच्या पायापाशी पोचली तेव्हा मी तिला उचललं. हे सांगा त्यांना."

मी इंग्रजीत सांगितलं — सकाळी मेणबत्ती लावली होती म्हणतात, विझवली की नाही ते त्यांना नक्की आठवत नाही.

एवढं एकच वाक्य. मला ग्रीन कार्ड दिसत होतं, नोकरी दिसत होती, पोलीस दिसत होते. सगळ्यात जास्त उज्ज्वलाचा चेहरा दिसत होता. माझ्या भीतीचा हा सगळा हिशेब खरा आहे. पण ते वाक्य मी अडखळत नाही बोललो. स्वच्छ बोललो.

अधिकाऱ्याने मान हलवली. मेणबत्तीचा इंग्रजी शब्द आईंना कळला असावा. त्यांनी विचारलं, मेणबत्तीचं काय म्हणालात? मी म्हणालो, "नक्की विझवली होती का, असं ते विचारतायत. आठवून बघा ना, आई." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग आपल्या चिमटीकडे बघायला लागल्या.

उज्ज्वला आली. घरात पाऊल टाकल्या टाकल्या तिने यशूला ओढून घेतलं. आईला ती जे बोलली ते मी इथे लिहीत नाही. मी शेजारी उभा होतो. तिला गप्प करायला माझं एक वाक्य पुरलं असतं.

आईंनी त्यानंतर मेणबत्ती लावली नाही. यशूला एकटीने उचलून घ्यायच्या नाहीत, कुणीतरी जवळ असेल तरच. पाय बरा झाल्यावर तिकीट बदलून लवकर परत गेल्या.

डबा मात्र तिथेच होता. ढीग गोठून दगड झाला होता, फावडं लागत नव्हतं. मी ऑफिसमधून आलो की आधी घराच्या मागे जाऊन ढिगाची उंची बघायचो. घरमालक यायचा तेव्हा मी त्याला पुढच्या दारातच बोलत ठेवायचो. बर्फ वितळायला लागला, एका सकाळी पत्र्याची कड वर दिसली. मी ऊन पडायच्या आधी तो उपसला आणि लांबच्या एका दुकानामागच्या कचरापेटीत टाकला. मग भीती संपेल असं वाटलं होतं. ती तशीच राहिली, फक्त तिला बघायला जायची जागा उरली नाही.

आई मागच्या वर्षी गेल्या. त्याआधी आम्ही नागपूरला भेटायला गेलो होतो. त्या खूप थकल्या होत्या. उज्ज्वला यशूला घेऊन औषधं आणायला गेली आणि घरात आम्ही दोघंच राहिलो. मग म्हणाल्या, "मिलिंदराव, तुमच्याकडे आग लागली तेव्हा मी तुम्हाला काय सांगितलं होतं? मला वाटत राहतं, मी काहीतरी वेगळं सांगितलं होतं."

दार बंद होतं. ऐकणारं कुणी नव्हतं.

तरी मी म्हणालो, "मेणबत्तीचं आठवत नाही म्हणाला होतात, आई."

त्यांनी डोळे मिटले. म्हणाल्या, "मग मीच असेन."

मी हो म्हणालो.