शेणाच्या गॅसवरची भाकरी

सरकारी नोकरीत पगार बेताचा, पण किस्से मात्र भत्त्यासकट मिळतात! सत्तरच्या दशकात मी सातारा जिल्ह्यात विस्तार अधिकारी होतो. गोबरगॅस बांधलेल्या शेतकऱ्याच्या घरी जायचं, तपासणी करायची आणि त्याच्या सबसिडीच्या कागदावर सही करायची, हे माझं काम. त्या एका सहीपायी काय काय बघितलं म्हणून सांगू!

*

पहिल्याच सभेत मी अर्धा तास घसा कोरडा केला. "शेणाचा गॅस होतो, त्यावर स्वयंपाक होतो, उरलेल्याचं खत होतं, आणि वर सरकार सबसिडी देतं!"

मागून एक म्हातारबा उठले. "म्हस आमची, शेण आमचं, गॅस आमाला, खत बी आमालाच. आन् वर पैसं तुमी देनार?"

"हो!"

"मग ह्यात गोम कुठं हाय, तेवढी आदी सांगा!"

*

फलटणकडच्या एका रिटायर्ड सुभेदारांनी अर्जात पाच म्हशी लिहिल्या होत्या. मी पोचलो तर अंगणात चारच, धुऊनपुसून एका रांगेत उभ्या! सुभेदारांनी कडक सॅल्यूट ठोकला.

"पाचवी कुठाय?"

"चार हजर, सर! एक बाळंतपनाच्या रजेवर!"

गोठ्यात डोकावलो, तर खरंच, पाचवी रेडकाला चाटत बसली होती.

*

कागदांसोबत गॅसच्या टाकीशेजारी काढलेला फोटो लागायचा. एकानं आणलेला फोटो झकास होता. नवरा-बायको खुर्च्यांवर, मागे पडद्यावर रंगवलेला ताजमहाल!

"अहो, टाकी कुठाय?"

"आवं सायेब, लय खटपट केली. पर स्टुडिओच्या दारातनं आत जाईना ती!"

*

खरी भानगड वासाची. शेणाच्या गॅसवरच्या जेवणाला वास येणार, हे गावोगाव ठरूनच गेलेलं. म्हणून जाईन तिथं आधी मी जेवून दाखवायचं. दिवसाला चार घरं, चार जेवणं! वर्षभरात माझ्या सगळ्या पॅन्ट कमरेत उसवून घ्याव्या लागल्या. बायको म्हणाली, "सबसिडी त्यांना, पोट तुम्हाला!"

*

मेढ्याकडच्या डोंगरातलं एक घर मात्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही. चुलीच्या धुरानं सुनेचे डोळे बारा महिने लाल. तिच्यासाठी नवऱ्यानं गोबरगॅस बांधला, पण त्याची आई हटून बसली. "शेनाच्या जाळावरचं मी तोंडात घालायची न्हाई!"

मी म्हणालो, "आजी, जन्मभर चुलीत गोवऱ्या घातल्यात. त्या कशाच्या असतात?"

"त्या वाळल्याल्या असत्यात!"

झालं! आजींच्या भाकरीसाठी चूल पेटतच राहिली आणि सून धुरातच राहिली. शेवटच्या तपासणीला मी गेलो, तेव्हाही ती चुलीपुढं फुंकणी घेऊन बसली होती. घरचा सगळा स्वयंपाक गॅसवर होतो, असं लिहिल्याशिवाय सबसिडीचा शेवटचा हप्ता निघत नसे. मी पेन बंद केलं.

"खोटं कसं लिहू? चूल तर पेटलीय."

सून पदरानं डोळे पुसायला लागली. धुरानं की रडू आलं म्हणून, कळेना. मलाच वाईट वाटलं.

आजी बराच वेळ सुनेकडं बघत होत्या. मग उठल्या, कोपऱ्यातली घागर उचलली आणि सगळीच्या सगळी चुलीत ओतली. घरभर राख उडाली.

"इजली. लिवा आता."

मग सुनेकडं वळून ओरडल्या, "तू काय बघत बसलीस गं? टाक की माजी भाकरी त्या शेनावर!"