मोजायचं राहिलं

अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या दवाखान्यात रखमासमोर बोलायची डॉक्टरांचीही टाप नव्हती. पेशंटची लघवी कुणी न मोजता ओतली, की ती नातेवाइकांच्या अंगावर धावून जायची. "ओ ताई, घाण नाय ती! तिच्यावरच औषध ठरतं. टाका मोरीत, मग बसा रडत!"

आया म्हणून ती १९८८ साली लागली. त्याच्या आदल्या वर्षी आली होती ती आनंदाची बायको म्हणून. आनंदा एमआयडीसीत फिटर होता. पायाची जखम चिघळून विष रक्तात भिनलेलं, तापाने शुद्ध हरपलेली. मी तिथली नर्स. डॉक्टरांनी जेंटामायसिन सुरू केलं आणि मला बजावलं, "वृंदा, हे इंजेक्शन किडनीवर उठतं. लघवी कमी झाली की लगेच सांग."

रखमा तेव्हा भारी लाजरी. नवऱ्याचं लघवीचं भांडं परक्या बाईने उचलायचं, हे तिला कसंतरीच वाटायचं. मी पोचायच्या आत ती ते ओतून, घासून ठेवायची.

"झाली का लघवी?"

"झाली की. भरपूर."

आजारी माणसाबद्दल वाईट बोलू नये, एवढंच तिला ठाऊक. आणि मी दीडशहाणी, तक्त्यावर लिहायची : भरपूर.

चौथ्या दिवशी आनंदाचं तोंड सुजलं. तेव्हा कुठे रखमाने सांगितलं, दोन दिवस लघवी जेमतेम चमचाभर होत होती. इंजेक्शन थांबवलं, त्याला मुंबईला हलवलं. तो परत आला नाही.

पंच्याण्णव साली जांभूळ गावच्या हरिचंद्रला तसाच ताप, तसंच इंजेक्शन. तिसऱ्या दुपारी रखमा मोजायचं भांडं घेऊन धावत आली. "सिस्टर, कालच्या निम्मी पण नाय!" डॉक्टरांनी लगेच रक्त तपासून औषध बदललं. पंधराव्या दिवशी हरिचंद्र बायकोच्या खांद्यावर हात ठेवून घरी निघाला. रखमा फाटकापर्यंत गेली, आणि ती दोघं दिसेनाशी झाली तरी तिथेच उभी राहिली.

मला राहवेना. इतकी वर्षं दडवलेलं बोलून टाकलं. "रखमा, चूक तुझी नव्हती गं. मोजायचं काम माझं होतं. मी न बघता लिहिलं."

"ठावं हाय मला. पहिल्यापासून."

"मग इथेच कशाला राहिलीस?"

"घरी आता कुणी आमच्या ह्यांचं नाव काढत नाय, सिस्टर. तुमी मला बघून मान खाली घालता ना, तेव्हा वाटतं, कुणाला तरी ते अजून आठवतात. म्हणून येते."