बटण माझं

लाईट गेली, कडबा कुट्टीचं यंत्र घरघरत थांबलं, आणि मी पहिलं काम काय केलं, तर फोटो काढून घेतला. डोक्याला टॉवेलचा फेटा, काखेत हत्तीगवताची पेंढी, एक पाय यंत्राच्या चौकटीवर. बायकोनं माझ्याच मोबाईलवर टिपला.

"पोट आत घ्या," ती म्हणाली.

"आतच आहे."

साताऱ्यात नोकरी आणि मेढ्याच्या बाजूला वीस गुंठे, एक गाय, दोन शेळ्या, अशी आमची शनिवार-रविवारची शेती. आठवडाभर जनावरं शेजारचे आबा बघतात. सुट्टीला आम्ही येतो आणि त्यांचं काम वाढवतो. यंत्र नवंच होतं. ते आलं त्या दिवशी मी बायकोला सुरक्षिततेवर भाषण दिलं होतं. त्याचं सार इतकंच, की बटण माझं, माझ्याशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही.

"बरं," ती म्हणाली होती.

गोठा खाली ओढ्याकाठी आहे, तिथं रेंज नसते. घरच्यांच्या ग्रुपवर फोटो टाकायचा तर टेकाडावर चढावं लागतं. मी निघालो, तशी ती मागून म्हणाली, "यंत्राच्या तोंडात गवत अडकलंय. तुम्ही येईपर्यंत काढून ठेवते."

"काढ," म्हणालो मी. आणि गेलो.

टेकाडावर आबा आमच्याच शेळ्या चारत बसले होते. मी फोटो पुढं केला. त्यांनी मोबाईल हातभर लांब धरला.

"झक्कास हाय. कोन म्हनायचं ह्ये?"

"मीच की, आबा."

"व्हय? फेट्यात वळखू आला न्हाईसा."

"लाईट कधी येईल?"

त्यांनी काठीनं रस्त्याकडं दाखवलं. खांबावर चढलेला वायरमन खाली उतरत होता. "काम झालंय जनू. आता डीपीचा दांडा वर केला, की आली लाईट."

मी फोटो बोटांनी मोठा केला. पोट खरंच आत आहे का, एवढंच बघायचं होतं. पोट नव्हतं आत. पण त्याच्या बाजूला, पत्र्याच्या भिंतीवर, बटण दिसत होतं. खाली दाबलेलं. चालू.

यंत्र लाईट गेली म्हणून थांबलं होतं. मी बंद केलंच नव्हतं. बायको त्याला हात लावणार नव्हती, कारण बटण माझं होतं. आणि तिचा हात या क्षणी दातेरी रुळांच्या मध्ये असणार, ज्यांच्या मागं वीतभरावर पाती होती. 'काढ' म्हणालो होतो मी.

"अगं ए!" मी ओरडलो. "अगं, हात काढ!"

खाली गोठ्याचा पत्रा नुसता चमकत होता. कुणी बाहेर आलं नाही. येणार कसं? शेतावर दिवसभर मी तिला हाका मारत असतो. चष्मा कुठाय, चहा झाला का, ही मुंगी चावते का. हल्ली ती ओ देत नाही.

मी पळत सुटलो.

"आवं सायेब, पळू नगा, लय निसरडं हाय!" आबा मागून ओरडले.

वायरमन डीपीच्या, म्हणजे रस्त्याकडेच्या विजेच्या पेटीकडं चालत होता. रमतगमत, काही घाई नसलेला माणूस चालतो तसा. मी त्यालाही हात केला. त्यानंही मला हात केला, ओळखीचा समजून. मग डीपीचं दार उघडलं. मी "अगं, अगं" करत होतो, पण दम लागल्यानं ते माझं मलाच ऐकू येत नव्हतं. गोठ्यावरच्या बांधावर पाय टाकला आणि तो गेलाच. बुडावर घसरत उकिरड्यात आलो, गुडघा दगडावर आपटला, आणि पोटातून आरोळी निघाली, "आई गं!"

बायको पळत बाहेर आली. "काय झालं? साप का?"

मी तिचे हात बघत होतो. दोन्ही हात कोपरापर्यंत गवतानं हिरवे. बोटं होती. सगळी. बोलता येईना म्हणून मी नुसता गोठ्याकडं हात केला, आणि तेवढ्यात तिच्या पाठीमागं यंत्र घरघरलं. अडकलेलं गवत एका झटक्यात आत ओढलं गेलं आणि हिरवा चुरा पार दारापर्यंत उडाला. गाईनं दावं ताणलं.

ती वळून बघत राहिली. मग आत गेली, बटण वर केलं, आणि यंत्र थांबल्यावरही बराच वेळ भिंतीला हात लावून उभी होती.

आबा शेळ्या घेऊन खाली आले. एकदा माझ्याकडं, एकदा तिच्याकडं पाहून त्यांनी विचारलं, "फोटू गेला का?"

बायकोनं मला उकिरड्यातून ओढून उठवलं.

नंतर तिनं माझा गुडघा धुतला, हळद दाबली, गरजेपेक्षा जरा जोरातच. मी कळवळलो नाही, तेवढी लाज होती.

"आजपासून बटण माझं," ती म्हणाली.

"बरं."

"आणि खरंच काही झालं असेल ना, तर आईलाच हाक मारत जा. 'अगं' म्हणालात की मला वाटतं, चहा पाहिजे."