स्लाऊ म्हणजे चिखल

माझी मुलगी कोराडीला दिली तेव्हा जाऊबाई मांडवातच म्हणाल्या, “राखेत दिली वं पोरगी.” जावई वीज केंद्रात नोकरीला, राहायला कॉलनीतला क्वार्टर, माणूस निर्मळ. पण तिथे वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसते हे खरंच होतं. पुढे मुलगी माहेरी आली की जाऊबाई तिच्या पोराचा गाल बोटानं पुसत आणि ते बोट सगळ्यांना दाखवत.

महाल भागातल्या घरात त्या वर राहतात, मी खाली. दोघींचेही नवरे गेलेले. त्यांचा मुलगा इंग्लंडला गेल्यापासून भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत प्रत्येकाला त्या सांगत, “लंडनले आहे.” तो लंडनला नव्हता. लंडनच्या पश्चिमेला, विमानतळाच्या पलीकडे स्लाऊ नावाचं वेगळं गाव आहे, तिथे होता. मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे चिवड्या-लाडवाच्या पार्सलवर पत्ता लिहायला त्या मलाच हाक मारत. त्या ‘स्लफ’ म्हणत. ‘काऊ’सारखं म्हणायचं, स्लाऊ, हे मी त्यांना शिकवलं. अर्थ त्यांनी विचारला नाही, मीही सांगितला नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ चिखल, पाय रुतेल अशी दलदल. तो शब्द मी जिभेखाली धरून बसले होते.

काटोलहून त्याच्यासाठी मुलगी सांगून आली. मुलीचे वडील संत्र्याचे व्यापारी. पाहुणे यायच्या सकाळी जाऊबाईंनी मला वर बोलावलं ते मानानं नव्हे, त्यांच्याकडे खुर्च्या कमी होत्या म्हणून. मी माझ्या खुर्च्या वर नेल्या आणि त्यातल्याच एकीवर बसले.

पोहे झाले, चहा आला. मुलगी शांत पण नीट ऐकणारी होती. तिनं विचारलं, लंडनमध्ये नेमकं कुठे? जाऊबाई म्हणाल्या, राजाचा वाडा आहे ना, त्याच्या बाजूले.

“स्लाऊला,” मी म्हटलं. “लंडन नाही ते. वेगळं गाव आहे.”

“स्लाऊ म्हणजे काय, काकू?”

“चिखल.”

जाऊबाई हसल्या आणि म्हणाल्या, हिला थट्टेची सवय आहे. मुलीचे वडील हसले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला.

“अर्थाचं सोडा, गावाले लोक काहीही नाव देतात. पण तुम्ही आम्हाले लंडन काहून सांगितलं?”

सगळेच असं सांगतात, जाऊबाई पुटपुटल्या. मग मुलीच्या वडिलांनी विचारलं की मुलाचं घर स्वतःचं आहे असं सांगितलं होतं, ते तरी खरं का? तिथे मुलगा इतर पोरांबरोबर भाड्याच्या खोलीत राहत होता. जाऊबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. पाहुणे उठले. मुलीनं जाताना मला नमस्कार केला, जाऊबाईंना केला नाही. त्या क्षणी मला काय वाटलं? फार बरं वाटलं.

गाडी बोळाबाहेर पडताच जाऊबाई म्हणाल्या, “माह्या पोराचं वाटोळं केलं तुनं.”

“ते गाव मी वसवलं नाही,” मी म्हटलं आणि खुर्च्या उचलून खाली आले.

संध्याकाळी पुतण्याचा फोन आला. तो ओरडेल अशी माझी तयारी होती. तो हळू आवाजात बोलला. म्हणाला, इथले लोकही परक्यांना लंडनच सांगतात, गावाचं नाव घेतलं की समोरचा हसतो. “आणि काकू, तुम्हाला काय वाटलं, मला अर्थ माहीत नाही?” मी काही बोलायच्या आत त्यानं फोन ठेवला.

निदान माझ्या मुलीला आनंद होईल असं वाटलं होतं. तिला सगळं रंगवून सांगितलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, “मी कधी म्हटलं होतं तुले असं कर म्हणून? मले त्या राखेचं काहीच वाटत नव्हतं, आई. तुलेच वाटत होतं.” त्यानंतर तिचं येणं कमी झालं. विचारलं तर पोराची शाळा आहे म्हणते.

पुतण्याचं पुढे अमरावतीला जुळलं. पत्रिका बोळातल्या प्रत्येक दारी गेली, माझं दार सोडून. लग्नाआधी जाऊबाईंनी जिन्याच्या तोंडाशी लोखंडी दार बसवून घेतलं. येता-जाता त्या ते मुद्दाम आपटतात, माझ्या भिंतीवरचं घड्याळ हलतं. मी ते घड्याळ दुसऱ्या भिंतीवर लावलेलं नाही.

आमचा बोळ अरुंद आहे. त्या समोरून आल्या तर मी बाजूला होत नाही, त्याही होत नाहीत. खांद्याला खांदा घासून आम्ही एकमेकींना ओलांडून जातो.